‘एकत्र’ म्हणजे कधी? : चौल-रेवदंड्याच्या एका फेरीत मिळालेला धडा



मागच्या लेखात आपण सिनॉप्सिसमधलं ‘प्रॉब्लेम स्टेटमेंट’ कसं लिहायचं ते बघितलं. तो वाचून कर्जत-खोपोलीकडच्या दोघातिघांनी विचारलं, “ताई, विषयाची पार्श्वभूमी लिहिताना नेमकं चुकतं कुठे?” दुसऱ्यांच्या चुका सांगण्यापेक्षा आज माझीच सांगते. चूक एका शब्दाची होती, पण ती दुरुस्त करायला मला कर्जतहून रेवदंड्यापर्यंत जावं लागलं आणि सिनॉप्सिसची अडीच पानं नव्याने लिहावी लागली.

ज्यांनी आधीचे लेख वाचले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात: मी एम.एस्सी. केलं रसायनशास्त्रात. पीएचडी चालू आहे ती रायगडच्या किनाऱ्यावरच्या जुन्या बांधकामांत वापरलेल्या चुन्यावर. म्हणजे दोन दगडांच्या मध्ये जो चुना भरलेला असतो, तो कशापासून केला, त्यात काय मिसळलं, तो कधीचा असू शकतो, हा माझा विषय. इतिहास मी बारावीनंतर हातात धरला नव्हता. पण अशा विषयाला इतिहासाची पार्श्वभूमी लागतेच, आणि तिथेच मी घसरले.

वाक्य काय होतं?

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं: ‘चौल-रेवदंडा येथे हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती व ज्यू समाज शेकडो वर्षे एकत्र नांदले, या अर्थाने चौल हे कोकणातील कोर्दोबा होय.’

वाचायला बरं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. कोर्दोबा कुठून आलं, तर स्पेनमधल्या एका परिषदेसाठी माझा अबस्ट्रॅक्ट स्वीकारला गेला होता. प्रवासखर्चाचं अनुदान काही मिळालं नाही, त्यामुळे जाणं झालं नाही. पण जायचं म्हणून मी दोन महिने दक्षिण स्पेनबद्दल मिळेल ते वाचलं होतं. कोर्दोबात एक भव्य मशीद आहे. तिचं बांधकाम इ.स. ७८५ च्या सुमारास पहिल्या अब्द अल-रहमानने सुरू केलं. १२३६ मध्ये फर्नांदो तिसऱ्याने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. १५२३ मध्ये तर मशिदीच्या खांबांच्या मधोमध कॅथेड्रल बांधायला घेतलं. तिथून चालत थोड्याच अंतरावर, अरुंद गल्लीत, एक जुनं सिनेगॉग आहे. एका सकाळीत माणूस तिन्ही धर्मांच्या वास्तू बघून होतो. म्हणून जगभर ‘धर्मांच्या सहजीवनाचं शहर’ म्हटलं की कोर्दोबाचं नाव घेतात.

आणि आपल्या रायगडात, अलिबागच्या पुढे, चौल-रेवदंड्याला मंदिर आहे, मशिदीचे अवशेष आहेत, पोर्तुगीज चर्चचे अवशेष आहेत आणि सिनेगॉगही आहे. मग जमलं की! मी तुलना करून मोकळी झाले.

सरांनी मसुदा परत दिला तेव्हा बाकी पानांवर किरकोळ खुणा होत्या. या वाक्यातल्या ‘एकत्र’ या शब्दाभोवती मात्र पेन्सिलीने गोल काढलेला, आणि शेजारी दोनच शब्द: ‘म्हणजे कधी?’

मी म्हटलं, “सर, सगळ्या पुस्तकांत असंच असतं.” ते म्हणाले, “असेल. पण तू केमिस्ट्रीवाली ना? दोन पदार्थ एका बाटलीत सापडले म्हणून त्यांची रिअॅक्शन झाली असं तू लिहिशील का? जा, बघून ये. स्पेनला नाही जमलं तर नाही, रेवदंड्याला एसटी जाते.”

कर्जत ते रेवदंडा

सकाळच्या लोकलने खोपोली, तिथून एसटीने पेण, पेणहून अलिबाग, अलिबागहून रेवदंड्याची गाडी. तीन गाड्या बदलाव्या लागतात, अर्धा दिवस जातो. पण हा रस्ता नीट बघितलात तर चौल समजायला मदत होते.

बंदर एकटं जगत नाही. त्याला घाट लागतो. जहाजातून आलेला माल देशावर चढायचा आणि देशावरचा माल खाली उतरायचा, तो सह्याद्रीतल्या खिंडींतूनच. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंढाण्याची लेणी आहेत, ती अशाच एका जुन्या वाटेवर. आपल्या खालापूरवरून चढणारा बोरघाट ही दुसरी वाट. १६६१ मध्ये कारतलबखान घाटावरून फौज घेऊन कोकणात उतरत होता आणि शिवाजी महाराजांनी त्याला उंबरखिंडीत, आजच्या चावणी गावाजवळ, कोंडलं. ती लढाई तिथेच का झाली, याचं उत्तर वाटेत आहे: देशावरून कोकणात यायचं तर अशाच एखाद्या अरुंद जागेतून यावं लागतं. फौजेला जे लागू, तेच बैलांच्या तांड्यालाही लागू. तेव्हा चौलचा इतिहास हा किनारपट्टीवाल्यांचा, आपला काय संबंध, असं कर्जत-खालापूरच्या पोरांनी म्हणू नये.

बंदर तर फारच जुनं. टॉलेमीच्या भूगोलात आणि ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात जे ‘सेमिल्ला’सारखं नाव येतं, ते चौलचं मानतात. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ आहे. इ.स. ९१६ च्या सुमारास अल-मसूदी हा बगदादचा प्रवासी ‘सैमूर’ला, म्हणजे चौलला येऊन गेला. तो लिहितो की इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. काही सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. राजा शिलाहार घराण्यातला झंझ, म्हणजे हिंदू. आणि मुसलमानांचे व्यवहार बघायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला.

मसूदी हा डोळ्यांनी बघितलेलं सांगणारा साक्षीदार आहे, हे लक्षात घ्या. दहा हजार हा आकडा त्याने मोजून लिहिला नसेल, पण ‘बरेच’ एवढं तरी त्यातून निश्चित कळतं. आणि मुख्य म्हणजे त्या काळातली एकही मशीद आज चौलमध्ये उभी नाही. नुसत्या इमारती बघून मी दहाव्या शतकातलं चौल लिहायला बसले असते, तर ती दहा हजार माणसं माझ्या इतिहासात आलीच नसती.

दोन चौल

अलिबागकडून येताना आधी चौल लागतं, मग रेवदंडा. आज नारळी-पोफळीच्या वाड्यांतून सलग वस्ती आहे, त्यामुळे हे सगळं एकच गाव वाटतं. सोळाव्या शतकात मात्र ही दोन वेगळी शहरं होती, दोन वेगळ्या राजवटींची.

वरचं चौल अहमदनगरच्या निजामशाहीचं. खाली खाडीच्या तोंडाशी, आजच्या रेवदंड्यात, पोर्तुगीज. १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या ममलूकांचं आरमार आणि पोर्तुगीज यांची मोठी लढाई झाली. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पुढे १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधायला घेतला आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. तिकडे कोर्दोबाच्या मशिदीत कॅथेड्रल चढत होतं, त्याच वर्षांत. दक्षिण युरोपातली एक पद्धत एकाच वेळी दोन टोकांना काम करत होती. हळूहळू तटाच्या आत मठ, चर्च, घरं आली आणि रेवदंड्यात एक छोटं पोर्तुगीज शहरच वसलं.

शेजार नेहमी गोडीचा नव्हता. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने या शहराला वेढा घातला. तो फसला. खाडीपलीकडची कोर्लईची टेकडी पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये घेतली. शेवटी १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतल्यावर उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता कोसळली आणि १७४० मध्ये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले.

मी आधी तटाच्या आत फिरले. वाड्यांमधून जाताना मध्येच एखादी कमान, एखादी उंच भिंत समोर येते. फ्रान्सिस्कन मठाच्या आवारातला तो सातखणी मनोरा लांबूनही दिसतो. त्याचे सगळे मजले आता उरलेले नाहीत. दुपारी मागे चौलला आले. रामेश्वराचं मंदिर आणि समोरची पोखरण बघितली. मंदिराच्या मंडपात जमिनीखाली पर्जन्यकुंड, वायुकुंड आणि अग्निकुंड आहेत असं सांगतात. पाऊस लांबला की पर्जन्यकुंड उघडायची प्रथा होती. मग हमामखान्याची पडकी वास्तू. आणि टेकडीवर हिंगळाजदेवी, जिच्याजवळ डोंगरात कोरलेली जुनी लेणी आहेत.

संध्याकाळी रेवदंड्याच्या सिनेगॉगपाशी आले. दार बंद होतं. बाजूच्या ओट्यावर एक आजोबा बसले होते. मी विचारलं, “हे ज्यूंचं देऊळ ना?” ते म्हणाले, “शनवार तेल्यांची मशीद.”

‘मशीद’? मला वाटलं आजोबांचा घोटाळा झाला. घोटाळा माझा होता. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, हे पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून शनवार तेली. आणि ते आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. तुम्ही कर्जत लोकलने सीएसएमटीला जाता तेव्हा शेवटून दुसरं स्टेशन कोणतं? मशीद. त्या स्टेशनाचं नाव जवळच्या जुन्या सिनेगॉगवरून पडलं असंही सांगितलं जातं. ते सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. नावाचा तो दावा खरा असो-नसो, धडा पक्का आहे: जुन्या कागदात ‘मशीद’ लिहिलेलं दिसलं की लगेच मुसलमानांच्या रकान्यात टाकू नका. त्या गावात हा शब्द कोण कशासाठी वापरायचं ते आधी विचारा.

वहीतला तक्ता

परत येताना एसटीत मी वहीत एक तक्ता काढला. चार रकाने: वास्तू, ती कोणी बांधली, आजची इमारत कधीची, आणि हे मला कशावरून कळलं. तुम्हालाही सांगते, फील्डवरून येताना हा तक्ता त्याच दिवशी भरा. दुसऱ्या दिवशी आठवणीत भर पडलेली असते.

तक्ता भरताना पोटात गोळा आला. रेवदंड्याचं सिनेगॉग १८४२ चं. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये. मध्ये १०२ वर्षं! सातखणी मनोरा आणि सिनेगॉग मी एका दिवसात, चालत, बघितले होते. पण मठात घंटा वाजत होती तेव्हा हे सिनेगॉग नव्हतं, आणि सिनेगॉग बांधलं तेव्हा मठाचे अवशेष झालेले होते. त्या दोघांना ‘एकत्र’ आणलं ते माझ्या चपलांनी.

मग मी कोर्दोबाकडे पुन्हा वळले. तिथलं सिनेगॉग कधीचं? आतल्या भिंतीवर हिब्रू लेख आहे, त्यावरून १३१५ चं. पण मुसलमानांची सत्ता तिथे संपली १२३६ मध्ये! म्हणजे पर्यटक ज्याला मुस्लिम राजवटीतल्या सहजीवनाची खूण समजून फोटो काढतो, ते सिनेगॉग ख्रिस्ती राजवटीत, जवळपास ८० वर्षांनी बांधलेलं आहे. कोर्दोबाचा सगळ्यात प्रसिद्ध ज्यू विद्वान मायमोनिडीस. तो लहान असतानाच, ११४८ मध्ये, अल्मोहाद शासकांच्या सक्तीमुळे त्याच्या कुटुंबाला शहर सोडावं लागलं. आणि १४९२ मध्ये तर स्पेनमधून सगळ्या ज्यूंना हाकलूनच दिलं. ते सिनेगॉग ज्यूंना जेमतेम पावणेदोनशे वर्षं लाभलं.

म्हणजे माझी तुलना एका वेगळ्याच अर्थाने बरोबर निघाली. दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या माणसाला शतकं एकमेकांवर चिकटलेली दिसतात.

रेवदंड्याच्या तटाआत ज्यू राहू शकले असते का?

तारखा नसल्या तरी राजवटीचे नियम बघून काही अंदाज करता येतो. पोर्तुगालमध्ये १४९७ मध्ये ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. त्यांना ‘नवख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्यावर कायम संशय असे. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशनचं न्यायालय बसलं, ते मध्ये काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. छुपेपणाने ज्यू चालीरीती पाळणं हा त्याच्यासमोरचा मोठा गुन्हा.

याचं जिवंत उदाहरण गार्सिया द ओर्ता. आई-वडील स्पेनमधून हाकललेले ज्यू, पोर्तुगालमध्ये ख्रिस्ती झालेले. हा डॉक्टर १५३४ मध्ये गोव्याला आला. पोर्तुगीज अधिकाऱ्यांवर उपचार करायचा, आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्याही दरबारी वैद्य म्हणून जायचा. इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापलं गेलं. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून काढून जाळली.

अशा राजवटीच्या तटाआत उघड सिनेगॉग असण्याची शक्यता नव्हती. माझ्या वाक्यातला ‘एकत्र’ हा शब्द नुसता ढोबळ नव्हता. ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांच्यावर मी तीनच अक्षरांत पांघरूण घातलं होतं. हे कळल्यावर मला खरंच लाज वाटली. सिनॉप्सिसमधलं वाक्य कोणी वाचत नाही असं आपण म्हणतो. पण पुढचा विद्यार्थी तेच वाक्य उचलतो, त्याच्या पुढचा त्याचं, आणि दहा वर्षांत ते ‘सगळ्या पुस्तकांत असंच असतं’ होऊन बसतं.

आता दुसऱ्या बाजूला घसरू नका

मी चिडून दुसरा मसुदा लिहिला: ‘चौल येथे विविध धर्मीय समाजांत प्रत्यक्ष मिसळण झाली नाही.’ सरांनी पुन्हा गोल काढला! या वेळी ‘नाही’भोवती. शेजारी लिहिलं: ‘कशावरून?’

बरोबरच होतं. इमारतींच्या तारखा जुळत नाहीत म्हणून माणसं भेटलीच नाहीत, असं होत नाही. उलट पुरावे आहेत, फक्त ते दगडात नाहीत.

पहिला पुरावा कोर्लईत. खाडीचा पूल ओलांडून तिथे गेलात तर किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात ख्रिस्ती कुटुंबं आजही एक वेगळी बोली बोलतात. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द बहुतेक पोर्तुगीज वळणाचे, पण वाक्याची ठेवण मराठीच्या वळणावर गेलेली, क्रियापद शेवटी. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं आहे. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली तरी ती बोली टिकली. दोन समाज रोज, घरात आणि चुलीपाशी, मिसळल्याशिवाय अशी भाषा जन्माला येत नाही. या पुराव्याला ना तट आहे ना कमान.

दुसरा पुरावा बेने इस्रायलांचाच. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ही परंपरा आहे, तारीख नाही. पण एवढं खरं की सिनेगॉग बांधण्याआधी कित्येक पिढ्या ते कोकणातल्या गावोगावी राहत होते, मराठी बोलत होते, आडनावं गावावरून घेत होते: पेणकर, दिवेकर, चेऊलकर. प्रार्थना घरातच. मुंबईत इंग्रजी काळात नोकऱ्या, पैसा आणि इतर ज्यूंशी संपर्क आला, मग १७९६ चं मुंबईतलं सिनेगॉग, त्यानंतर रेवदंडा, १८४९ मध्ये पनवेल. म्हणजे १८४२ हे वर्ष त्यांच्या येण्याचं नाही, इमारत बांधण्याइतकी ताकद आल्याचं आहे. इमारत नव्हती म्हणून माणसं नव्हती असं समजलो, तर मसूदीच्या दहा हजारांसारखी हीसुद्धा हरवतील. १९४८ नंतर त्यांच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. आता इमारत आहे आणि माणसं थोडीच. म्हणजे उलटंही होतं.

आणि इथे कोर्दोबा अचानक परत येतं. त्याच मायमोनिडीसने उतारवयात इजिप्तमधून फ्रान्समधल्या विद्वानांना लिहिलेल्या पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे: त्यांना धर्मग्रंथ माहीत नाहीत, फक्त ते शनिवार पाळतात आणि मुलाची आठव्या दिवशी सुंता करतात. वर्णन बेने इस्रायलांशी जुळतं, म्हणून अनेक अभ्यासक ते त्यांच्याबद्दलच आहे असं मानतात. पण पत्रात कोकणाचं नाव नाही. तेव्हा प्रबंधात लिहायचं ते ‘असू शकेल’ असंच. मोह होतो, मला पण झाला. आवरा.

माझा चुना काय सांगू शकतो आणि काय नाही

आता थोडं माझ्या विषयाचं, कारण तुमच्यातले बरेच विज्ञानवाले आहेत. किनाऱ्यावर शिंपले-कालवं भाजून चुना करत. भाजताना कॅल्शियम कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पाणी घालून चुना विरवतात. भिंतीत भरल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत ओढून घेतो आणि दगडासारखा घट्ट होतो. म्हणजे भिंत बांधली त्या वर्षांतला कार्बन चुन्यात अडकतो, आणि त्यावर कार्बन-१४ पद्धतीने काळ काढता येतो.

ऐकायला सोपं, पण नीट न भाजलेला शिंपल्याचा तुकडा नमुन्यात राहिला तर जुना कार्बन मिसळतो आणि भिंत आहे त्यापेक्षा म्हातारी दिसते. दुरुस्तीचा चुना हाती लागला तर ती तरुण दिसते. आणि सगळं बरोबर आलं, तरी उत्तर मिळतं ‘कधी’ याचं. त्या भिंतीच्या आत कोणाला येऊ देत होते आणि कोणाला नाही, हे कुठलंही यंत्र सांगत नाही. त्यासाठी पत्रं, कायदे, बोली आणि ओट्यावरचे आजोबा लागतात.

(आणि एक सक्त सूचना: संरक्षित स्मारकाचा चुना परवानगीशिवाय नखानेही खरवडायचा नाही. परवानगीचा अर्ज वेळेत करा, तो संशोधनाचाच भाग आहे.)

शेवटी वाक्य काय झालं?

तिसऱ्या मसुद्यात मी लिहिलं: ‘चौल-रेवदंडा परिसरात दहाव्या शतकापासून वेगवेगळ्या धर्मांच्या समाजांची नोंद मिळते, परंतु त्यांच्या आज उभ्या असलेल्या वास्तू वेगवेगळ्या काळातील व वेगवेगळ्या राजवटींतील आहेत. १५२४ ते १७४० या काळात पोर्तुगीज तटाआतील व तटाबाहेरील वस्तीचे नियम भिन्न होते. समाजांतील देवाणघेवाणीचा पुरावा वास्तूंपेक्षा भाषा व लिखित नोंदींतून अधिक मिळतो.’

आधीच्यापेक्षा रुक्ष आहे, मान्य. पण आरएसीच्या बैठकीत एका सदस्यांनी बरोबर याच परिच्छेदावर प्रश्न विचारले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे प्रत्येक शब्दाचं उत्तर होतं. कोर्दोबा मी काढून टाकलं.

आता तुमचा गृहपाठ. रेवदंडा लांब वाटत असेल तर कर्जत-खालापुरातच करा. महडचं वरदविनायक मंदिर घ्या, कोंढाण्याची लेणी घ्या, खोपोलीचं वीरेश्वराचं मंदिर आणि तळं घ्या. प्रत्येकासाठी तोच चार रकान्यांचा तक्ता भरा. महडचं मंदिर १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं असं सांगतात: चौथ्या रकान्यात तुम्ही काय लिहाल? शिलालेख, कागद, की ‘सांगतात’? कोंढाण्यात मात्र कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केलं असं दगडातच कोरलेलं आहे. दोन्ही माहितीच आहे, पण दोघींचं वजन सारखं नाही. ‘सांगतात’ लिहायला लाजू नका. ‘सांगतात’च्या जागी ‘आहे’ लिहायला मात्र लाजा.

पुढच्या वेळी आरएसीसमोर बोलायची तयारी कशी करायची ते बघू. तोपर्यंत स्वतःच्या मसुद्यात ‘एकत्र’, ‘शेकडो वर्षे’, ‘पूर्वीपासून’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकाभोवती पेन्सिलीने एक गोल काढा.